शंभर पेशींची मोजणी

लॅबमध्ये तिला सगळे सुईताई म्हणत. एकवीस वर्षं ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढत होती आणि तेच रक्त स्लाइडवर पसरून मायक्रोस्कोपखाली वाचत होती. रिपोर्टवर सही मात्र डॉक्टरांची. ते दुपारी बाराला येत, खुर्ची कुरकुरेपर्यंत मागे रेलत आणि न बघता सह्या ठोकत. "सुईताईने पाहिलंय ना? मग झालं तर!" या कौतुकावर तिने एकवीस वर्षं काढली. बेचाळिसाव्या वर्षी तिला त्याचा वीट आला आणि तिने मेडिकलच्या प्रवेशाचा फॉर्म आणला.

खिडकीतल्या कारकुनाने तिची जुनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "बाई, हे मार्क चोवीस वर्षांपूर्वीचे. दहा वर्षांच्या वरचे चालत नाहीत."

"मार्क काय भाजी आहे का, शिळी व्हायला?"

तो हसला नाही. शास्त्राच्या तिन्ही विषयांची परीक्षा पुन्हा द्या, जीवशास्त्रात निदान ऐंशी आणा, आणि वयाची अट बघता हे तुमचं शेवटचंच वर्ष, असं त्याने एका दमात सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली.

मग ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. बाकावर शेजारी लेकीच्या वयाच्या पोरी. त्यांच्या पुस्तकातलं निम्मं तिच्या वेळी कोणाला माहीतच नव्हतं. ते घरी लेक समजावून सांगायची आणि मध्येच कपाळाला हात लावायची, "आई, असं आता कोणी शिकत नाही गं!" सासूबाई म्हणाल्या, "या वयात गुडघे दुखतात, तू डोकं कशाला दुखवून घेतेस?" नवरा वायरमन. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चांगला दिवा बसवून दिला. वर्षभर तिने त्या दिव्याखाली मान मोडून अभ्यास केला. लेखी पेपर झकास गेले. राहिलं प्रॅक्टिकल, आणि ते तर तिच्या हातचा मळ.

टेबलावर स्लाइड होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'माणसाचं रक्त, निरोगी'. शंभर पांढऱ्या पेशी मोजा, प्रकारवार तक्ता भरा. शेजारच्या पोरीने मायक्रोस्कोपला डोळासुद्धा लावला नाही, सरळ आकडे लिहिले. वर कुजबुजली, "मावशी, पुस्तकात आहेत की आकडे. मोजत काय बसलात?"

सुईताईने डोळा लावला. मोठाल्या, कच्च्या पेशी. असल्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तात दिसायच्या नाहीत. तिने तीनदा मोजलं. शंभरात अडतीस. हा रक्ताचा कॅन्सर होता. लॅबमध्ये असं काही दिसलं की रिपोर्ट टाइप होईपर्यंत कोणी थांबत नाही, उठून सांगायला जातात. तीही सवयीने उठली आणि थेट प्रॅक्टिकलच्या सरांच्या टेबलाशी गेली.

"जागेवर बसा," सर म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

ती बसली. तक्त्यात अडतीस लिहिले आणि खाली लिहिलं, 'हा माणूस निरोगी नाही. ताबडतोब कळवावे.'

जीवशास्त्रात अठ्ठ्याहत्तर पडले. त्या तक्त्याला भोपळा.

तिने तक्रार केली तेव्हा सरांनी स्लाइड मागवली. माणूस वाईट नव्हता. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी स्वतः पेशी मोजल्या. "तुमचं बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "हॉस्पिटलच्या टाकाऊ मालातून आली असणार. बारा वर्षं हीच लावतोय आम्ही."

"मग माझे मार्क?"

"पेपर नमुना उत्तराप्रमाणेच तपासतात हो. तुमचं बरोबर धरलं, तर बाकीच्या सगळ्यांचं चूक धरावं लागेल. बारा वर्षांचं!" मग त्यांचा चेहरा उजळला. "पण तुमची नजर काय आहे! स्लाइडची अख्खी पेटी तुम्ही तपासून द्याल का? मानधन देऊ. तुमच्यासारख्यांची फार गरज आहे आम्हाला."

सुईताईचं एक वर्ष पाण्यात गेलं होतं, शेवटचं वर्ष. तरी तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"त्याला तेव्हा कोणी सांगितलं होतं का?"

"कोणाला?" सरांनी विचारलं.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. तिने स्लाइडकडे बोट दाखवलं, तरीही ते तिच्याकडेच बघत राहिले. तिला संताप यायला हवा होता, पण किळस आली. याच्या हाताखालून दरवर्षी पोरं डॉक्टर व्हायला जात होती, आणि तिला दोन मार्क कमी पडले होते.