लसीच्या दोन याद्या

१९७१, रविवार, सकाळची उपासना संपल्यावर. हजर: पाळक, नर्सबाई, मंडळीतली कुटुंबं आणि चर्चमागच्या वस्तीतली, खानदेशातून आलेली, सफाईकाम करणारी माणसं. वस्तीत कॉलरा शिरला होता, म्हणून लस टोचायला आम्ही चर्चचा हॉल उघडला होता. नावं मी लिहिली. सवयीने दोन याद्या केल्या: आधी मंडळी, मग वस्ती.

मुलीला कडेवर घेतलेल्या एका बाईने मला गुजराती वळणाने हाक मारून विचारलं, "बेन, आजार आमच्याकडे पहिला आला, मग सुई शेवटी का?" तिचा सासरा कालच कॉलऱ्याने गेला होता.

मंडळीचे एक वडीलधारे तिच्यावर खेकसले, "हॉल दिला ना? थांब बाहेर."

ती तडक घरी गेली.

नर्सबाई मला म्हणाल्या, "औषध सगळ्यांना पुरणार नाही. कुणाला बोलावू?" मी दोन्ही याद्या फाडल्या आणि वस्तीला पुढे घेतलं. वडीलधारे उठून गेले.

दोघींपुरती लस घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. तिने मुलीचा दंड पुढे केला, स्वतःचा नाही. "माझा नंबर आला की घेईन," ती म्हणाली. आठवड्याभरात ती मुलीला घेऊन खानदेशात परतली.

तिची माफी मागायची राहिली आहे.