घोट्याची पकड

मी शाळेत होते तेव्हा खामगावच्या एका जिनिंगमध्ये बाबा हमालीला जायचे. कापसाच्या गाठींच्या थप्पीवरून ते पडले, पाय मोडला आणि वाकडा जुळला. पुढं त्यांना कोणी कामावर बोलावलं नाही. पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात कमावती एकटी आई उरली. दुसऱ्यांच्या वावरात निंदण, कापसाची वेचणी. अंग दुखलं तर फडकं बांधून ती कामाला जायची. रोज भाजी असायचीच असं नाही. पण मला जास्त आठवतं ते बाबांचं दारात बसून रस्त्याकडं पाहणं.

मला कॉलेजात नेलं ते कबड्डीनं. माझी चढाई पाहून खामगावच्या कॉलेजच्या सरांनी मला बोलावून घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरावात मी चढाईवरून परत वळत होते. कोपऱ्यात खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं घोटा धरला. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. गुडघ्यात कटकन आवाज आला. लिगामेंट तुटलं होतं. अकोल्याला ऑपरेशन झालं.

व्यायाम मला कधी जड गेला नाही. पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायची, भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं. सगळं दातओठ खाऊन केलं. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला. "गुडघा पक्का आहे. खेळा."

खेळले. कॉलेजच्या मैदानावर चढाईला गेले की गुण घेऊनच परत येत होते. आईला म्हटलं, "माय, मी पयल्यापेक्षा जोरात खेळून राह्यली." विद्यापीठाच्या संघाची निवड जवळ आली होती. शेवटचं वर्ष, म्हणजे संधीही शेवटची. मला त्या संघात जायचंच होतं.

त्याआधी जळगाव जामोदला एक सामना झाला. तिथल्या कोपऱ्यातली पोरगी नुसती वाकली, तिचा हात माझ्या घोट्याकडं आला, आणि मी जागच्या जागी थांबले. तिनं अजून धरलंही नव्हतं. माझ्या कानात मात्र तोच कटकन आवाज. सगळ्यांनी मिळून मला अलगद धरलं. पुढच्या चढाईला तेच झालं. सरांनी मला बाहेर बसवलं.

परतताना बसमध्ये तीच मैत्रीण शेजारी होती. मी म्हटलं, "तुह्या हाती तं मी कधी सापडत नाई. मंग आज काय झालं मले?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आम्ही तुहा पाय धरतच नाई वं."

"काऊन?"

"तू नसताना तुहे बाबा आले होते मैदानावर. हात जोडून म्हणे, पोरीहो, तिच्या पायाले हात लावू नका." मग हळूच म्हणाली, "अन् ते नसते आले तरी मी धरला नसता. तो आवाज मलेही आयकू आला होता."

घरी आले ती तणतणतच. "बाबा, तुम्ही काऊन गेले तिथं?"

"घरात एक पाय वाकडा हाये. तेवढा पुरे."

आई भाकर थापत होती. ती थांबली. "तुमचा पाय जुळल्यावर कोणी तुम्हाले एक गाठ तरी उचलून पाहू देली का? जमते का नाई, इचारलं का कोणी? अन् आता तुम्ही पोरीचं तेच करून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याच बसमध्ये चढले. मैदानावर लंगडत गेले आणि मैत्रिणीला म्हणाले, "धर तिले. पडली तं पडली."

ऑपरेशननंतर व्यायाम करवून घेणाऱ्या अकोल्याच्या फिजिओ मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "गुडघा तयार आहे, मन नाही. त्यालाही सराव लागतो. आधी उभ्यानं धरायला सांग, मग चालताना, मग पळताना."

तसंच केलं. मी नुसती उभी राहिले, तिनं घोटा धरला.

"हात थरथरून राह्यला तुहा," मी म्हटलं.

"अन् तुहा पाय काय नाचून राह्यला का?"

दोघी हसलो. उभ्यानं जमलं, मग चालताना जमलं. ज्या दिवशी तिनं पळताना पूर्ण जोरानं धरलं, त्या दिवशी मी तोंडावर मातीत पडले. कान देऊन पडून राहिले. कुठं काही वाजलं नाही.

"मेली का वं?"

"नाई. पुन्हा धर."

बाबा रोज यायचे, कडेला बसायचे. पकड झाली की डोळे मिटून घ्यायचे, पण उठून गेले नाहीत.

निवडीत पहिल्याच चढाईला माझा घोटा धरला गेला. भीती आलीच. तरी धरणाऱ्या पोरीसकट पाय ओढला आणि मध्यरेषेला हात लावला.

त्या वर्षी मी विद्यापीठाच्या संघातून खेळले. त्याच उन्हाळ्यात बी.ए. पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.