कामरेजची बेन आणि पेनाची जीभ

आमचे हे घरात मोजकंच बोलतात. इच्छापोरच्या कारखान्यातून येतात, जेवतात आणि जुनी शाईपेनं उघडून बसतात. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कामरेजची बेन सापडली आणि वाटायला लागलं.

ह्यांच्या आवडत्या पेनाची जीभ, म्हणजे निबखालचा शाई आणणारा काळा तुकडा, तुटली होती. तसली पेनं आता बनत नाहीत. सुरतेतली जुनी दुकानं पालथी घातली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, कामरेजला एक बेन आहे. तिच्या वडिलांचं पेनांचं दुकान होतं, सुटे भाग तिने अजून जपून ठेवलेत.

मग दर रविवारी कामरेज. "बेन म्हणाली, घासून बसेल." "बेनकडे तसलं टोपणही आहे." तिचा फोन आला की हे गुजरातीत बोलायचे आणि मोठ्याने हसायचे. माझ्यापाशी एवढं हसल्याचं मला आठवेना.

एका रविवारी मी साडी बदलली आणि गाडीवर मागे बसले.

"तुला कंटाळा येईल," हे म्हणाले.

"येऊ दे."

बेन माझ्याच वयाची निघाली. शाईने डागाळलेली बोटं, पण दिसायला छान. तिने मला प्रेमाने चहा दिला, त्याचाही राग आला. मग दोघं टेबलावर वाकली. एक जीभ जाड, दुसरी आखूड. तिसरी ती बारीक पॉलिशपेपरवर घासू लागली. "धीमे, धीमे," हे म्हणत होते. तुटू दे एकदाची, असं माझ्या मनात आलं.

तुटली नाही. बरोबर बसली. ह्यांनी कागदावर रेघ ओढली आणि तो कागद आधी तिच्यापुढे धरला. मग माझ्याकडे वळले.

परतताना रसाच्या गाड्यापाशी थांबलो, तेव्हा मी बोललेच, "आधी तिला दाखवलंत."

"तिला त्यातलं कळतं गं."

"मला कधी सांगितलंत?"

ह्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. मग ओल्या बोटाने बाकावर पेनाच्या जिभेचं चित्र काढून सांगू लागले, हवा कुठून आत जाते, शाई कशी उतरते. निम्मं डोक्यावरून गेलं, तरी मी विचारत राहिले.

पुढच्या रविवारी मीही ह्यांच्याबरोबर परत गेले. मोडक्यातोडक्या गुजरातीत बेनला एका निबबद्दल विचारलं. ती तोंड उघडणार, तोच ह्यांनी मला मराठीत समजावून सांगितलं. मला फार बरं वाटलं.