स्नेल कोणी म्हणायचं

आमच्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर थंडी रोजचीच, तिचं कौतुक कोणाला! पण वारा ‘स्नेल’ आहे असं सांगायचा मान एकाच बाईचा, माझ्या सासूबाईंचा. एल्स्पेट मेअर, वय एकोणऐंशी, जीभ भलतीच धारदार. स्नेल म्हणजे नुसता गार नव्हे. गालाला चावणारा, पण कोरडा वारा. अशाच वाऱ्यात आम्ही मिठातले हॅडॉक मासे बाहेर दांडीवर वाळत घालतो. दमट गारठ्यात टांगले की ते बुळबुळीत होतात. सासूबाई सकाळी दारात उभं राहून गाल पुढे करायच्या. त्या ‘स्नेल’ म्हणाल्या की अख्खी आळी दांड्या बाहेर काढायची.

मी ग्लासगोची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हात बधिर झाले म्हणून मीच जाहीर करून टाकलं, “स्नेल!” साठ मासे टांगले आणि साठच्या साठ समुद्रात फेकले. “शहरातल्या पोरींना हुडहुडी भरली की झालं,” सासूबाई म्हणाल्या. या गोष्टीला बावीस वर्षं झाली, पण तो शब्द मी पुन्हा उच्चारला नाही. राग मात्र अजून येतो.

यंदा जानेवारीत सासूबाई पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या मागच्या खोलीत खाटेवर, आणि माझ्या लेकीच्या लग्नाचे चाळीस मासे रात्रीपासून मिठात. आज टांगले नाहीत तर खाता येणार नाहीत इतके खारट होणार.

“आई, मी बघू का वारा?”

“मग काय मांजर बघणार?”

दारात गेले. बोटं गोठली. नवरा, स्ट्रुअन, दांडी घेऊन तयारच होता. शेजारची इसोबेल ओरडली, “अगं टांग की! हाडं फुटायची वेळ आली!”

मी गाल पुढे केला. पायरीचा दगड ओलाच होता.

“नाही. हा नुसता गारठा आहे.”

“झाली आई नंबर दोन!” स्ट्रुअन म्हणाला.

वारा फिरलाच नाही तर लग्नात मासे नाहीत, आणि टोमणे जन्मभर. दर दहा मिनिटांनी मी दारात जाऊन येत होते.

बाराच्या सुमारास वारा उत्तरेचा झाला. गालाला कचकन चावला. पायरी बघता बघता कोरडी पडली.

“स्नेल!” मी ओरडले. आवाज चिरकला. चाळीसही मासे टांगले.

अंधार पडायच्या आत एक मासा सासूबाईंकडे नेला. त्यांनी अंगठ्याने दाबला, हुंगला, परत दिला. मेले, म्हटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

तेवढ्यात त्यांच्या उशाचा फोन वाजला. उद्या मासे टांगू का, इसोबेल विचारत होती.

“मला काय विचारतेस? मी खाटेवर पडलेय,” सासूबाई खेकसल्या. “थांब, रोनाला देते. आमच्याकडे वारा ती बघते.”

आणि फोन माझ्यापुढे धरला.