सहीचा रकाना

शिकाऊ कामगारांचे नियम ज्यांनी कुणी लिहिले असतील, त्यांना स्वतःलाही ते आमच्या साहेबांइतके पाठ नसतील, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. साहेब म्हणजे कराडच्या एका पंपाच्या कारखान्यातले शिकाऊ विभागाचे प्रमुख. विभागात एक टेबल, एक कपाट, एक घड्याळ आणि ते स्वतः, एवढाच पसारा. मी सकाळी कॉलेजात बी.एस्सी. करायचो आणि दुपारी एक ते पाच त्यांच्याकडे अर्धवेळ शिकाऊ म्हणून लेथवर उभा राहायचो. माण तालुक्यातल्या आमच्या मेंढपाळ घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ही अर्धवेळची सोय नसती, तर पहिल्याच वर्षी परत मेंढरांमागं गेलो असतो.

प्रत्येक शिकाऊला एक वही असे. तिच्यात दिनांक, काम, तास, त्रुटी आणि शेवटी पर्यवेक्षकाची सही असे पाच रकाने. दर महिनाअखेरीला साहेब एकेक वही डोळ्यांजवळ धरून वाचत. चार तास लिहिलेले दिसले की लाल रेघ मारून म्हणत, "चहाला पंधरा मिनिटं गेली न्हवं? पावणेचार लिव." एकदा इस्लामपूरचा एक जण तावातावानं म्हणाला, "साहेब, चहा मी लेथजवळ उभा राहूनच प्यालो." साहेब शांतपणे म्हणाले, "यंत्राजवळ चहा? मग अर्धा तास वजा." शिकाऊच्या शर्टाची बाही कोपराखाली आली की ते स्वतः दुमडायचे. आमच्यातल्या एकाच्या लग्नाला ते आले, तर आहेर म्हणून त्यांनी नवऱ्यामुलाला स्वतः लेथवर घडवलेली पितळेची डबी दिली. "कामाला उभं ऱ्हाताना अंगठी हिच्यात ठिवायची," असं भर मांडवात बजावून ते जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले. हा माणूस मोठ्यानं हसला असेल, असं कुणाच्याच आठवणीत नाही. आम्ही मागं त्यांची नक्कल करायचो. त्यात मीही असायचो, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

माझ्या वहीवर सगळ्यांत मोठी लाल रेघ आली ती प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या ऐन आधी. त्या महिन्यात कॉलेज लवकर सुटायचं, म्हणून मी साडेबारालाच कारखान्यात यायचो आणि सगळे कँटीनला गेलेले असताना लेथ चालू करून हात बसवायचो. तो वेळही मी प्रामाणिकपणे वहीत लिहिला होता. साहेबांनी त्यातले अकरा तास खोडले. ते तास भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज जाणार नव्हता, आणि परीक्षा हुकली असती तर वर्ष गेलं असतं. मी रडवेला होऊन म्हणालो, "साहेब, काम तर केलंय की मी!"

"केलंस, पर बघत कोण हुतं?" ते म्हणाले. "हात सापडला असता, तर पळत कोण आलं असतं? शिकाऊ यंत्राजवळ एकटा नको. नियम हाय."

मग त्यांनी मालकांची लेखी परवानगी काढली आणि सलग तीन गुरुवार, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीला, ते माझ्यासाठी आले. रिकाम्या शेडमध्ये माझा एक लेथ चालू आणि समोर स्टुलावर साहेब. दुपारी ते पिशवीतून चुरमुरे आणि दोन केळी काढत, एक मला देत. मला वाटायचं, त्यांना आवड असेल. लग्न न केलेला हा माणूस दोन्ही वेळ कारखान्याच्याच कँटीनला जेवतो आणि गुरुवारी कँटीन बंद असतं, हे कोडं मला पुष्कळ उशिरा उलगडलं.

मी पदवीधर झालो, सांगलीत नोकरीला लागलो. साहेब निवृत्त झाले. गेल्या महिन्यात कारखान्यात गेलो, तर कँटीनवाला तक्रार करू लागला, "आवं, साहेबांस्नी किती येळा बोलावलं, येतच न्हाईत. म्हणत्यात, जेवण कामगारांला आन् शिकाऊंला. मी ह्यातला कोण?"

नद्यांच्या संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची एक खोली आहे. दार उघडंच होतं. साहेबांचे हात पिठात माखलेले, शर्टाच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या. मला बघून म्हणाले, "ये. बस. चालू कामात बोलायचं न्हाई." शेजारच्या फळीवर ओळखीची वही होती. मी चाळली. "भाकरी. दीड तास. थापताना फुटली." "भाकरी. दीड तास. एका बाजूनं कच्ची." सात महिन्यांची पानं भरली होती आणि शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"सही न्हाई, म्हंजी तास धरायचं न्हाईत," ते म्हणाले. "अजून शून्यावरच हाय मी."

मी सही करू का, असं विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "पर्यवेक्षकाला स्वतःला काम आलं पायजे. येतंय व्हय तुला?" मेंढरांमागं हिंडताना वडिलांनी मला तीन दगडांच्या चुलीवर भाकरी शिकवली होती. मी एक करून दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, पापुद्र्यावर बोट वाजवलं आणि परातीसमोरची जागा परत घेतली. स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग मी बसून बघत राहिलो आणि साहेब थापत राहिले. मध्ये आम्ही चहा घेतला. शेवटची भाकरी चांगली फुगली.

त्यांनी लिहिलं, "दोन तास. कड फुटली." मी सही केली. तोच पेन घेऊन मागच्या पानांकडे वळलो, तर त्यांनी वही ओढून घेतली. "न बघता सही करतोस व्हय रं? ह्येच शिकवलं का मी तुला?" मग दोन तास खोडून त्यांनी पावणेदोन केले. चहा.

मी निघायला उठलो, तेव्हा ते वहीवर वाकून काहीतरी करत होते. "थांब," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पर्यवेक्षक पुन्यांदा कवा येणार, ती तारीख घालावी लागती. नियम हाय."

मी पुढच्या रविवारची तारीख घातली. आमच्या वहीत पाचच रकाने असायचे. हा सहावा होता, पट्टीनं आखलेला, आणि त्याची शाई माझ्या बोटाला लागली.