प्लॉट एकतीसमधली घूस

ज्याला तुम्ही मारायला निघाला आहात, त्यानेच तुमचं नुकसान केलं आहे हे तुम्ही तपासून पाहिलंय का? विचारते, कारण गेल्या जूनमध्ये आम्ही तिघांनी ते तपासलं नाही आणि त्यापायी वहिनींची बाग जाता जाता राहिली.

वहिनी नात्यातल्या नव्हेत. मी रेगेन्सबर्गला पीएचडीसाठी आले तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी मला घरात ठेवून घेतलं, तेव्हापासून त्या वहिनी. त्या सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे इतरांच्या चुका शोधण्याचा पगार घेतात. गावाच्या कडेला, रुळांपलीकडे, क्लाइनगार्टनची वसाहत आहे. तिथे चाळीस छोट्या बागा आहेत, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं आणि सगळ्यांवर मिळून एक जाडजूड नियमावली. वहिनी चार वर्षं यादीत थांबल्या तेव्हा त्यांना प्लॉट एकतीस मिळाला. आदल्या वर्षी कोथिंबिरीचं रान माजलं म्हणून वसाहतीच्या अध्यक्षांकडून एक आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद, आली होती. दुसरी आली की प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाला. तो पुढचा माणूस वहिनींच्याच ऑफिसात बसतो आणि रोज जेवताना अगदी मायेने विचारतो, "बाग काय म्हणतेय?"

बाग तेव्हा काहीच धड म्हणत नव्हती. गाजराची हिरवी शेंडी ओढावी तर हातात नुसती शेंडी येई, खाली गाजर नाही. अळूचे कांदे अर्धे कुरतडलेले. आणि हिरवळीवर एका रांगेत मातीचे सात ढीग.

"घूस," आप्पा म्हणाले. आप्पा वहिनींचे सासरे. साताऱ्याकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि उन्हाळ्यापुरते इथे आलेले. ढिगापाशी हात मागे बांधून ते असे उभे राहिले, जणू ढीगच उशिरा शाळेत आला आहे. "आमच्या क्वार्टरमागे हीच होती. न्हाणीघराचा पाया पोखरला होता तिने."

"जर्मनीत घूस असते का, आप्पा?" मी विचारलं.

"माती आहे ना? मग घूस असणारच."

मग कुणालाच शंका उरली नाही. आम्ही तिघंही अशा अंगणांतून वाढलो होतो, जिथे मातीचा ढीग म्हणजे घूस आणि घूस म्हणजे युद्ध. त्याच आठवड्यात वहिनींनी छऱ्याची बंदूक मागवली. इथे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला ती दुकानात सहज मिळते, हे मला तेव्हाच कळलं.

"वहिनी, तुम्ही नेम धरणार?"

"जत्रेत मला बघितलं की फुगेवाला म्हणायचा, ताई, पुढच्या स्टॉलवर जा." त्या योगाच्या चटईवर पालथ्या झाल्या. डोक्यावर उन्हाची टोपी, कोपराखाली उशी. "तू बाजूला हो. तुझी सावली पडतेय."

मी बाजूला झाले नाही. मी ज्या घरात वाढले तिथे टेबलावर जेवणाआधी पत्रकं यायची. आईवडील धरणग्रस्तांसाठी, कामगारांसाठी, झाडांसाठी पत्रकं काढत, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्या घड्या घालता घालता. बाबांचे नियम तीन होते. मजकूर एका पानात बसला पाहिजे. शेवटी अशी एकच मागणी हवी, जी वाचणारा त्याच दिवशी पुरी करू शकेल. आणि खाली पत्ता हवाच, कारण पत्ता नसलेलं पत्रक भित्र्या माणसाचं. तेव्हा मी चटईच्या टोकाशी उभी राहून सांगितलं की भूक लागली म्हणून खाणारा जीव गुन्हेगार नसतो, की ही जमीन आपल्याआधी त्याची होती, की बंदुकीने कोणताच प्रश्न सुटलेला नाही.

"झालं?" वहिनी म्हणाल्या.

"अजून दोन मुद्दे आहेत."

"मुद्दे राहू देत," आप्पा खुर्चीवरून म्हणाले. "माती हलली."

माती खरंच हलली. पाचव्या ढिगाचा माथा थरथरला, वर आला, आणि काळ्या मखमलीसारखं काहीतरी क्षणभर दिसलं. वहिनींनी श्वास रोखला. मी "नको" म्हणाले. छर्रा सुटला, एका दगडावर आपटला आणि आमच्याच पावसाच्या पाण्याच्या पिंपात घुसला. पिंपातून पाण्याची बारीक, नेटकी धार निघाली आणि कमानीत वळून आप्पांच्या मांडीवर पडू लागली.

आप्पा हलले नाहीत. "सूनबाई," ते म्हणाले, "फुगेवाला तुला पुढच्या स्टॉलवर का पाठवायचा, ते आज समजलं."

वहिनी चटईवर तोंड खुपसून हसल्या, मी उभ्याउभ्या हसले, आणि भोकात अंगठा घालून धार थांबवायला गेले तर ती बोटाच्या बाजूने फुटून माझ्या तोंडावर आली. मग आम्ही पिंप रिकामं होईपर्यंत हसत बसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पण संध्याकाळी खोलीवर आल्यावर माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. "आपल्या वसाहतीत बंदूक चालते आहे" असं शीर्षक, जर्मनमध्ये, एक पान. कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेणं मला हलकेपणाचं वाटलं. शेवटी मागणी: सर्वांनी शनिवारी कुंपणापाशी जमावं. चाळीस प्रती काढल्या, सकाळी लवकर जाऊन प्रत्येक प्लॉटच्या टपालपेटीत एकेक टाकली आणि अत्यंत पवित्र वाटलं. खाली पत्ता होता. वसाहतीतलं पत्रक म्हणजे वसाहतीतला पत्ता हवा, म्हणून लिहिला होता: प्लॉट एकतीस.

त्याचा अर्थ काय होतो हे मला दुपारी लक्षात आलं, जेव्हा वसाहतीचे अध्यक्ष हातात माझं पत्रक घेऊन फाटकात उभे राहिले. सत्तरीचे, उंच, गुडघ्यांवर मातीचे डाग. नियमावलीतली दुपारच्या शांततेची वेळ संपायला चार मिनिटं होती, म्हणून ते चार मिनिटं बाहेरच थांबले. त्या चार मिनिटांत वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत.

"चार वर्षं," एवढंच म्हणाल्या. "पत्ता कशाला लिहिलास गं?"

"पत्ता लिहावाच लागतो," मी म्हणाले, आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच किती मूर्ख आहे ते कळलं.

अध्यक्ष आत आले. त्यांनी पिंपाचं भोक बघितलं, बंदूक बघितली, ढीग बघितले. मग सांगितलं की या वसाहतीत बंदूक चालवायला बंदी आहे, आणि हे ढीग करणारा प्राणी घूसबिस नाही. तो माउलवुर्फ, म्हणजे इंग्रजीतला मोल. जवळजवळ आंधळा, अळ्या आणि गांडुळं खातो, गाजराला तोंडही लावत नाही, आणि त्याला मारणं कायद्याने गुन्हा आहे.

"मग गाजरं कोण खातं?" वहिनींनी विचारलं.

ते गुडघ्यांवर बसले. गाजरांच्या वाफ्याशेजारी बोटांनी चाचपत त्यांनी जमिनीखालची एक पोकळ वाट शोधली, वरची माती वीतभर काढली आणि भोक उघडं ठेवलं. "आता बसा," ते म्हणाले. "वुलमाउस असेल, म्हणजे मुळं कुरतडणारा उंदीर, तर तो दोन तासांत हे बुजवेल. त्याला उघडं दार सहन होत नाही."

आम्ही चौघं एका ओळीत खुर्च्या टाकून एका भोकाकडे बघत बसलो. मला भाषण सुचत होतं, पण मी गप्प बसले; माझ्या आयुष्यातली ही बहुधा सर्वांत मोठी चळवळ होती. आप्पांनी थर्मासमधला मठ्ठा सर्वांना दिला. अध्यक्षांनी वास घेतला, घोट घेतला आणि पेला लांब धरून विचारलं, "यात काय आहे?"

"हिंग," आप्पा मराठीतच म्हणाले, आणि खिशातून डबी काढून त्यांच्या नाकाखाली उघडली. अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले.

पाऊण तासात भोकात माती हलली. आतून कुणीतरी घाईघाईने, चिडून, ढेकूळ ढेकूळ रचत दार बंद केलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मात्र भोकाकडे न बघता हिंगाच्या डबीकडे बघत होते. ताक तेही बिळात ओततात, म्हणाले. इथली जुनी पद्धत आहे, उंदराला वास आवडत नाही. पण हे पिवळं त्यांनी कधी वापरलं नव्हतं. त्यांच्या डेलियांची मुळं दोन वर्षं कुणीतरी खात होतं.

उरलेला सगळा मठ्ठा, वर मूठभर हिंग, वहिनींनी त्या वाटेत ओतला. वारा रुळांकडून येत होता. सहा प्लॉटांच्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद झाल्या.

निघताना अध्यक्षांनी निकाल सांगितला. बंदूक आजच बाहेर. दुसरी ताकीद लिहायची की नाही, हे शनिवारी ठरेल. माझ्या पत्रकामुळे चाळीस घरांना वाटतं आहे की प्लॉट एकतीसमध्ये संरक्षित प्राणी मारले जातात, आणि तो प्राणी तर मजेत ढीग काढतो आहे. तेव्हा शनिवारपर्यंत चाळीसही पेट्यांत दुरुस्ती गेली पाहिजे. "एका पानात," ते म्हणाले, आणि मला बाबांची आठवण झाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या, "आणि मी तपासून दिल्याशिवाय एकही प्रत जाणार नाही."

त्यांनी माझे अकरा मुद्दे खोडले. "मी चुकले" हे वाक्य मी तळाशी ठेवलं होतं, ते त्यांनी शीर्षक केलं. शनिवारी अध्यक्ष फाटकाशी आले, हातात रिकामी बरणी. ताकिदीचा विषय त्यांनी काढला नाही, बरणी पुढे केली. आप्पांनी ती हिंगाने अर्धी भरली, आणि सोमवारी जेवताना वहिनींनी यादीतल्या त्या पुढच्या माणसाला सांगितलं की बाग छान आहे.

दुरुस्तीपत्रकातली मागणी एकच होती, आणि तीच आता तुमच्याकडे करते. तुमच्या अंगणात, वाफ्यात, गच्चीवरच्या कुंडीत कुणी काही कुरतडत असेल, तर आज हत्यार उचलू नका, पत्रकही काढू नका. जमिनीखालची वाट बोटांनी शोधा, वीतभर उघडा, आणि खुर्ची टाकून दोन तास बसा. सोबत मठ्ठा ठेवा.