सदलग्याच्या पाव्हण्यांचा वास

निपाणीच्या तंबाखूपेठेत भूपाल अण्णांच्या नाकाला मान होता, आणि सगळ्यांत जास्त मान ते स्वतःच देत. पान चुरून नाकाशी धरलं की ते कुठल्या शिवारातलं, पावसात भिजलेलं की कोरडं, हे ते सांगायचे. दहात सात वेळा बरोबर यायचं. उरलेल्या तीन वेळा शेतकरी खोटं बोलतोय असं त्यांचं ठाम मत असे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोतीबिंदू पिकला. एके सकाळी त्यांनी वखारीच्या खांबाला "बसा पाव्हणं" म्हटलं, तेव्हा बायको लक्ष्मीबाईंनी त्यांना मोटारीत घालून थेट बेळगावच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं, पट्टी मात्र दोन्हींवर आली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. दहा दिवस मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तपकिरीची डबी लक्ष्मीबाईंनी तेव्हाच काढून घेतली.

मग अण्णांजवळ नाक तेवढं उरलं. पहाटे वॉर्डबॉय मष्णू फिनेलनं फरशी पुसायचा, तो वास घशात उतरायचा. त्यामागून स्पिरिटचा गार वास, उकळलेल्या फडक्यांचा ओलसर वास. शेजारच्या खाटेवर पायाला जखम झालेला माणूस होता, त्याच्या मलमपट्टीतल्या पिवळ्या पुडीचा गोडसर वास आला की अण्णांना मळमळायचं. दुपारी लोकांच्या डब्यांतला कांदा-लसूण दरवळायचा आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले जैन अण्णा मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायचे. रॉकेलचा वास म्हणजे कंदील लागले, म्हणजे सूर्य मावळला, म्हणजे जेवण बंद. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मष्णूनं चार वाजताच कंदील लावला, तर अण्णांनी समोर आलेली लापशी परत पाठवली आणि सकाळपर्यंत पोट धरून पडले.

तिसऱ्या दिवसापासून ते माणसं ओळखायला लागले. "नर्सबाई आल्या," ते साबणाच्या वासावर सांगायचे. अख्खा वॉर्ड थक्क व्हायचा. नर्सबाईंच्या बुटांचा करकर आवाज येतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी लक्ष्मीबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या होत्या. बाहेर पाऊस होता. कुणीतरी येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसलं. ओल्या घोंगड्याचा वास, त्यात वखारीतल्या तंबाखूचा. अण्णांनी लगेच ओळखलं. वखारीतला त्यांचा जुना माणूस, परशराम.

"परशराम, आलास व्हय?"

समोरच्यानं घसा बसल्यासारखा हुंकार दिला. चार दिवस परक्या माणसांत पडलेल्या अण्णांना आपलं माणूस भेटलं. त्यांनी आधी डॉक्टरांच्या तक्रारी सांगितल्या, मग लापशीच्या, आणि शेवटी ते आपल्या व्याह्यांवर आले. अण्णांची मुलगी चंदना सदलग्याला बाबगोंडांच्या घरात दिली होती. पाच दिवस झाले, व्याह्यांचा पत्ता नाही, असं ते म्हणाले. पट्टी निघाल्यावर येतील, म्हणजे आजाऱ्याला भेटायला नारळ आणायला नको. चंदनाच्या लग्नात त्यांनी घातलेल्या जेवणाला खवट तूप वाढलं होतं, पहिल्या घासालाच कळलं होतं, पण आपण मुलीकडचे, गप्प बसलो. माणूस मोठा, मन मात्र चिमूटभर.

तेवढ्यात लक्ष्मीबाई दर्शन घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"पावणं, तुम्ही कवा आलासा?"

अण्णांनी डोक्यावर पांघरूण ओढायला हात वर केला, पण वाळूच्या पिशव्या आडव्या आल्या. पळायची सोय नव्हती, मान फिरवायचीही नव्हती. बाबगोंडांनी हळूच सांगितलं, की सकाळीच निपाणीला उतरलो, भिजलो म्हणून परशरामानं आपलं घोंगडं दिलं, थंडीनं घसा बसला. मधेच बोललो असतो तर तुम्ही दचकून मान हलवली असती, म्हणून गप्प बसलो.

"आणि ते तूप खवट हुतं, हे बराबर हाय," ते म्हणाले. "पर तो डबा रुखवतात तुमच्या घरनं आलता. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून आम्ही तोच वाढला."

अण्णांनी लक्ष्मीबाई काही बोलतील म्हणून वाट पाहिली. त्या बोलल्या नाहीत, म्हणजे ते खरं होतं. मग त्यांना हसू यायला लागलं. हसायचं नाही म्हणून ते दाबलं, तर पोट हलायला लागलं, आणि मष्णू धावत आला. बाबगोंडांनी त्यांचं कपाळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

व्याही सदलग्याला परतले नाहीत. पट्टी निघेपर्यंत पाच दिवस ते धर्मशाळेत राहिले आणि रोज उजेड असतानाच अण्णांना चमच्यानं लापशी भरवायचे. चमचा जरा थरथरायचा आणि लापशी हनुवटीवर सांडायची. अण्णा तेही बोलून दाखवायचे.

पट्टी निघाली तेव्हा त्यांना आधी पांढरं छत दिसलं, मग शेजारी बाबगोंडा. लग्नात पाहिले होते त्यापेक्षा बरेच थकलेले, उजवा हात सतत कापणारा. हा हात केव्हापासून कापतोय, असं अण्णांनी विचारलं. गेल्या वर्षापासून, असं ते म्हणाले. अण्णांनी तो हात धरला आणि डोळ्याला त्रास होतो म्हणत तोंड भिंतीकडे केलं.

पुढं पेठेत ही गोष्ट ते स्वतःच सांगत, तुपाच्या डब्यासकट.